कुत्र्याला नको, मला सांग

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते प्राणिमात्रांवरच्या प्रेमापोटी सांगतोय असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. लिडवर्थमध्ये आणि आसपासच्या वाड्यांवर मी जन्मभर टपाल वाटलं. फाटक उघडलं की आतून काय धावून येईल याचा नेम नसायचा. गॅरेथच्या आजोबांचं मेंढ्यांमागचं कुत्रं मरून जमाना झाला, पण त्याचे दात माझ्या डाव्या पोटरीवर अजून आहेत. पाऊस यायचा असला की ठणकतात.

तरीही मी रोज संध्याकाळी 'लेम हॉर्स'मध्ये जाऊन बसतो, आणि तिथे माणसांइतकीच कुत्री असतात. गावात पब एकच, जाणार कुठे? पाटीवर लंगडा घोडा, दारात बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी, आत दगडी फरशी, भिंतीत शेकोटी आणि मागे बाग. बागेत सफरचंदाची जुनी झाडं, खाली लाकडी बाकं आणि एक दगडी डोणी. पूर्वी डोणीत मेंढ्या पाणी प्यायच्या, आता कुत्री पितात.

शेकोटीजवळ उंच पाठीची एक खुर्ची आहे. ती माझी. म्हणजे मी ती माझी समजतो आणि सिरिलचा ड्यूक ती त्याची समजतो. ड्यूक हा ग्रेहाउंड, म्हणजे नुसते पाय आणि बरगड्या. माझ्या आधी तो आला असला तर खुर्चीत ऐसपैस पसरलेला असतो, आणि मी शेजारच्या तिपाईवर बूड टेकून शेकोटीकडे बघत म्हणतो, "आज गारठा आहे." सिरिल म्हणतो, "आहे खरा." भीक नको पण कुत्रं आवर, हे सगळं मनातल्या मनात. अशी वर्षं गेली.

हे माझं एकट्याचं दुखणं नाही, सगळ्या गावाचं आहे. आम्हाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. कुणी आमच्या पायावर पाय दिला तर माफी आम्ही मागतो. करपलेलं ताट समोर आलं तर 'झकास झालंय' म्हणून संपवतो आणि घरी जाऊन बायकोवर चिडतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती घरातली थोरली बहीण आहे, तिला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

अशा गावात मॉड प्रॉबर्ट नाही म्हणायची. म्हणते. अजून आहे, ठणठणीत आहे.

पब चालवणाऱ्या लेन प्रॉबर्टची बायको म्हणून ती इथे आली. लग्न आमच्याच चर्चमध्ये लागलं. त्या काळी पाद्रीबाबा नवरीकडून वदवून घेत, 'प्रेम करीन, मान देईन, आज्ञा पाळीन.' मॉड पहिल्या दोन गोष्टी म्हणाली आणि थांबली. पाद्रीबाबांना वाटलं पोरगी बावरली, म्हणून त्यांनी तिसरी पुन्हा सांगितली.

"ऐकू आलं," मॉड म्हणाली. "ते नाही."

 लेन शेजारी उभा राहून हसू दाबत होता, त्याचे कान लाल झाले होते. शेवटी आज्ञा वगळून लग्न लागलं. आमच्या आयांनी भाकीत केलं की हे वर्षभरही टिकायचं नाही. लेन जाईपर्यंत टिकलं, आणि त्या दोघांना भांडताना जेवढं ऐकलं त्याच्या दुप्पट हसताना ऐकलं.

लेन गेला तो तळघरात पिंप सरकवताना, एकाएकी. पबची इमारत कंपनीची. प्रॉबर्ट भाडेकरू, वरच्या मजल्यावर त्यांचं घर. मातीहून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्या वेळचा कंपनीचा माणूस टोपी हातात धरून आला. बाईमाणसाला एकटीला हे झेपणार नाही, कंपनी समजू शकते, वगैरे बोलला. मॉड ग्लास पुसत होती. तिने त्याला पूर्ण बोलू दिलं. मग "नाही" म्हणाली, पुसलेला ग्लास त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "काय घेणार?" तो बिचारा एक पाइंट बिअर पिऊन निघून गेला. तेव्हापासून पब तिचा. कागदावर कंपनीचा, पण आम्ही कागद पीत नाही.

आमच्याकडे काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण असते. कोण कुणाच्या आधी आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि कुणी उघड बोलत नाही. एकदा शिकारीहून परतताना मोठ्या हवेलीतले सर रोलंड लाल कोटात आत आले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून हात नाचवू लागले. आम्ही आपसूक बाजूला सरकलो. मॉडने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सिरिलनंतर तू," ती म्हणाली.

सर रोलंडना कुणी 'तू' म्हटल्याला बहुधा पन्नास वर्षं झाली असतील. ते सिरिलनंतर प्याले.

आता कुत्र्यांचं सांगतो. मॉडकडे स्वतःचं कुत्रं नाही, कधी नव्हतं. गावात कुत्रं नसलेली माणसं दोनच, ती आणि मी. पण तिच्या दारात कुत्र्याला कधी अडवलं नाही. चिखलाने माखलेलं असो, भिजून वास मारणारं असो, आत. मी एकदा कुरकुरलो तेव्हा म्हणाली, "तूही भिजल्यावर काही गुलाब नसतोस."

तिला एक गोष्ट कळली होती आणि ती आम्हाला स्वतःबद्दल कळली नव्हती. आम्ही माणसांशी बोलत नाही, कुत्र्यांशी बोलतो. लेकी बोले सुने लागे, तसं आमच्याकडे कुत्र्याला बोले, मालकाला लागे. समोरच्याला 'कसा आहेस' असं विचारणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं. पण त्याच्या कुत्र्याला काहीही विचारता येतं. मालक कुत्र्याकडे बघत उत्तर देतो, आणि दोघांचीही अब्रू राहते.

सिरिलची बायको हेटी वारली तेव्हा तो महिनाभर रोज येऊन बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. आम्ही सगळे मूग गिळून. 'थंडी आहे', 'आहे खरी', संपलं. एका संध्याकाळी मॉड काउंटरच्या बाहेर आली आणि ड्यूकसमोर उकिडवी बसली.

"काय रे ड्यूक, तुझा मालक आज जेवला का?"

ड्यूक काय बोलणार.  मग सिरिल ड्यूकच्या कानाकडे बघत म्हणाला, "नाही जेवला."

"का रे नाही जेवला?"

"एकट्यासाठी कोण पेटवतंय चूल."

"आणि काल?"

"कालही नाही," सिरिल म्हणाला, आणि ड्यूकच्या मानेत तोंड खुपसून रडला. आम्ही सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मॉड आत गेली, मटणाचा खिमा आणि वर बटाट्याचा थर असं एक मोठं ताट घेऊन आली, सिरिलपुढे ठेवलं आणि ड्यूकला म्हणाली, "याला सांग, संपवल्याशिवाय उठायचं नाही." त्या दिवसापासून सिरिलचं रात्रीचं जेवण तिथेच. मला कुत्री आवडत नाहीत, पण त्या संध्याकाळी तो हाडांचा सापळा नसता तर सिरिल आज नसता, हे मलाही कळतं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर कंपनीचा नवा माणूस आला. फॅरंट त्याचं नाव. तरुण, टोकदार बूट, बोलायला लोण्यासारखा. वाईट माणूस नव्हता, हेच अवघड. त्याने आठवडाभर आधी निरोप धाडला की गिऱ्हाइकांशी चर्चा करायची आहे, आणि निवांत बोलता यावं म्हणून त्या दुपारी कुत्री कृपया घरी ठेवावीत.

आम्ही ठेवली, म्हणजे सिरिलने ड्यूक, गॅरेथने त्याची मेग, मिस पेंडलने पेपर नावाचा तिचा कुत्रा. सांगितलं म्हणून ठेवली. इथेच सगळं घोडं अडलं.

फॅरंटने चित्रं दाखवली. दगडी फरशीवर गालिचा, टेबलांवर पांढरे रुमाल, मेणबत्त्या. शहरातली मंडळी गाड्या घेऊन रविवारी जेवायला येतील म्हणाला. त्यांना ओल्या कुत्र्याचा वास सोसत नाही. कुत्र्यांना हाकलायचं नाही हो, बाग आहे ना एवढी सुंदर. फक्त आत नकोत.

"तुमची काही हरकत?" त्याने विचारलं, आणि एकेकाकडे हसून पाहिलं.

गॅरेथ, मेंढ्यांवाला, दार उघडायला लाथ मारणारा गडी, टेबलावरची रेघ नखाने कोरत म्हणाला, "नाही, नाही. समजण्यासारखं आहे." मिस पेंडल, जिने आम्हा सगळ्यांच्या पोरांना कान धरून शिकवलं, ती म्हणाली, "छानच आहेत चित्रं." सिरिल म्हणाला, "आमची काही अडचण नको तुम्हाला." आणि मी? मी म्हणालो, "गालिचा उबदार असेल."

मॉड काउंटरमागे उभी होती. आम्ही बोलत गेलो तशी तिच्या हातातल्या फडक्याला पीळ पडत गेला.

"बघा मिसेस प्रॉबर्ट," फॅरंट म्हणाला, "तुमच्याच लोकांची हरकत नाही."

"माझी आहे," मॉड म्हणाली. "नाही."

फॅरंटला वाईट वाटलं असावं, कारण त्याने आवाज आणखी मऊ केला. करार लेडी डेला, म्हणजे मार्च सरताना संपतो. नवा करार नव्या नियमावरच होईल. दुसरं एक जोडपं हा पब चालवायला तयार आहे, पण कंपनीला मॉडच हवी आहे. उद्यापासून नियम लावून बघा, पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी जेवणाच्या वेळी मी येईन आणि गिऱ्हाइकं सुखात आहेत का पाहीन. नियम पाळलेला दिसला नाही तर मात्र मार्चमध्ये किल्ल्या द्याव्या लागतील. एवढं बोलून त्याने एक चकचकीत पाटी काउंटरवर ठेवली, कुत्र्याच्या चित्रावर लाल फुलीची, आणि सगळ्यांशी हात मिळवून गेला. आम्ही त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेलो. काय बोलणार, पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्याकडे छत्री नव्हती.

परत आलो तर मॉड दारात उभी.

"बसा," ती म्हणाली. आम्ही बसलो. "समजण्यासारखं आहे म्हणे. काय समजलं तुला, गॅरेथ? मेगला बागेत बांधून तू इथे बसशील? दोन घोट घेऊन घरी पळशील. आणि पेंडलबाई, चित्रं छान आहेत? तुमचा पेपर छत्रीखाली बसून तुमची वाट बघणार का? सिरिल, तुला तर काय बोलू. ड्यूक आत नसला तर तू कुणाशी बोलणार आहेस? याच्याशी?" तिने माझ्याकडे बोट केलं. "हा थंडी आहे म्हणेल."

"तो माणूस इतका चांगला बोलत होता," मिस पेंडल पुटपुटली.

"त्याने कुत्री घरी ठेवायला सांगितली आणि तुम्ही तोंडं पण घरी ठेवून आलात. तुम्हाला जिभा नाहीतच, त्या चार पायांवर चालतात. माझं छप्पर जातंय, आणि तुम्ही त्याला छत्री धरता."

 सिरिलचा हात खुर्चीखाली ड्यूकचं डोकं शोधत होता, आणि ड्यूक घरी होता.

"मग आता काय करणार?" मी विचारलं.

"नियम पाळणार," मॉड म्हणाली. "अक्षरन् अक्षर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तर पाटी दारावर ठोकलेली. आत शेकोटी रसरसलेली, दिवे लागलेले, टेबलं लख्ख, आणि काउंटरमागे कुणीच नाही. फळ्यावर, जिथे एरवी काय शिजलंय ते लिहिलेलं असतं, तिथे खडूने लिहिलं होतं, 'मॉड बागेत आहे.'

मी खिडकीतून पाहिलं. सफरचंदाच्या झाडाखाली लेनचा जुना रेनकोट घालून ती उभी होती. बाकावर कंदील, कंदिलाशेजारी ग्लास. तळघराचं एक झाकण बागेत उघडतं, त्यातून ती बिअरचा जग भरभरून वर आणत होती. नियमात कुत्र्यांनी आत यायचं नाही असं होतं. मॉडने आत राहायचं असं कुठे होतं?

मी खिडकी उघडली. "मॉड, एक पाइंट."

"बाहेर ये आणि घे."

"पाऊस आहे."

"दिसतोय मला."

"तिथे कुत्री असणार, मॉड. मला कुत्री आवडत नाहीत."

"मला काय सांगतोस? वर्षानुवर्षं मलाच सांगतोयस. सिरिलला सांग."

मी खिडकी लावली आणि येऊन खुर्चीत बसलो. माझ्या खुर्चीत. ड्यूक नाही, केस नाहीत, ओला वास नाही, पोटरीला धोका नाही. जे हवं म्हणून इतकी वर्षं मनात मांडे खात होतो ते सगळं ताटात वाढलेलं. फक्त ग्लास रिकामा होता आणि 'थंडी आहे' म्हणायला समोर कुणी नव्हतं.

आधी सिरिल आला. दारावरची पाटी वाचली, आत डोकावून माझ्याकडे पाहिलं, बाहेर ड्यूककडे पाहिलं, आणि घराच्या बाजूने बागेत गेला. मग मिस पेंडल छत्री घेऊन. छत्री तिने पेपरवर धरली, स्वतः भिजत राहिली. दुसऱ्या दिवशी गॅरेथने ट्रॅक्टरवरून ताडपत्री आणली आणि दोन झाडांना बांधली. हळूहळू सगळं गाव बागेत. खिडकीतून मला त्यांची तोंडं हलताना दिसायची, ऐकू काही यायचं नाही. मी हट्टाने आत बसायचो. माझीही जात हट्टीच आहे, पण माझा हट्ट नेहमी चुकीच्या ठिकाणी लागतो.

तो रविवार उजाडला तोच पावसात. भुरभुर नाही, चांगला धो धो. मॉडने सकाळपासून मटण भाजलं, बटाटे भाजले आणि ताटं बागेत नेली. ताडपत्रीच्या कडांवरून धार लागलेली, ताटातला रस्सा कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. आणि आमची माणसं जुलै महिन्यातल्या उन्हात बसावं तशी बसली होती. "जरा दमट आहे आज." "हो, थोडं." गॅरेथच्या टोपीच्या काठावरून पाणी त्याच्या सायडरच्या ग्लासात पडत होतं आणि तो पीत होता.

फॅरंट आत आला तेव्हा शेकोटीपाशी मी एकटा. त्याने कोट झटकला, चहूकडे पाहिलं. कोरडी फरशी, स्वच्छ टेबलं, जळणाऱ्या लाकडाचा वास.

"वा," तो म्हणाला. "आता कसं छान वाटतं, नाही?"

'छान, आभारी आहे' हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. ते मी गिळले. "मॉड बागेत आहे," एवढंच म्हणालो आणि त्याच्या मागोमाग बाहेर गेलो. पहिल्यांदाच.

फॅरंट ताडपत्रीखाली उभा राहिला. सगळे उठून उभे राहिले, 'या, बसा, जागा आहे' म्हणाले. त्याच्या टोकदार बुटांभोवती चिखल चढत होता.

"मंडळी, हे काय?" तो म्हणाला. "आत ऊब आहे. कुत्री बांधा इथे आणि आत चला ना. तुम्हीच तर म्हणाला होता की हरकत नाही."

मॉड जग हातात धरून झाडाला टेकली होती.  तिने फक्त आमच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता या क्षणी ती तिचं घर आमच्या हातात देऊन उभी आहे. आणि आमचे हात तर हे असे.

 मग गॅरेथ वाकला आणि मेगच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय गं मेग," तो मोठ्याने म्हणाला, "आपली हरकत आहे का? आहे ना. चांगलीच आहे."

फॅरंटने मेगकडे पाहिलं. मेगने शेपूट हलवलं.

"पेपर," मिस पेंडल वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "ज्या घरात तुला जागा नाही तिथे आपण जेवायला जात नाही. जातो का? मुळीच नाही."

"ड्यूक," सिरिल म्हणाला.  "त्या साहेबांना सांग, हेटी गेली तेव्हा मी इथे जेवलो. गालिचा जेवायला घालत नाही म्हणावं."

फॅरंट या कुत्र्याकडून त्या कुत्र्याकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि त्याला हायसं वाटल्याचं मला दिसलं.

"तुम्ही तरी सांगा," तो म्हणाला. "तुमच्याकडे कुत्रं नाही. तुम्ही आत किती सुखात बसला होता. तुमची तर हरकत नाही ना?"

सगळे माझ्याकडे वळले, कुत्र्यांसकट. मी खाली पाहिलं. माझ्या पायाशी कुणी नव्हतं. वाकून कुणाच्या कानात बोलावं असं माझ्याकडे काही नव्हतं, फक्त तो माणूस समोर होता आणि त्याचे डोळे निळे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे हरकत नाही?"

"हरकत आहे. तुमच्या नियमाला नाही म्हणतोय." मी हात खिशात घातले. "मला कुत्री आवडत नाहीत. मला चावलेली आहेत. आतली ती खुर्ची मला जन्मभर हवी होती आणि तुम्ही ती मला दिलीत. नको मला. ही कुत्री नसली तर ही माणसं नसतात, आणि माणसं नसली तर तो पब नाही, नुसती उबदार खोली आहे. तशी माझ्या घरी पण आहे. त्या दिवशीही माझी हरकत होती. मी गालिच्याबद्दल बोललो, ते खोटं होतं. मॉड इथून गेली तर मी तुमच्या नव्या जोडप्याच्या हातचं पाणी पिणार नाही."

इतकं मी एका दमात आयुष्यात कधी बोललो नव्हतो. कुणीतरी खोकलं. मग मिस पेंडल बाकावरून उठून उभी राहिली आणि पेपरकडे न बघता म्हणाली, "माझीसुद्धा हरकत आहे, मिस्टर फॅरंट. चित्रं मला आवडली नव्हती."

"आमची पण," गॅरेथ म्हणाला. "मी पण नाही येणार."

सिरिलने नुसती मान हलवली, पण फॅरंटकडे बघून.

फॅरंटही शेवटी आमच्याच मातीतला पोरगा. माघार घेताना समोरच्याच्या डोळ्यांत कसं बघायचं हे त्यालाही कुणी शिकवलेलं नव्हतं. तो चिखलात एक गुडघा टेकून ड्यूकसमोर बसला आणि त्याच्या ओल्या मानेवर हात फिरवू लागला.

"बरं बाबा," तो ड्यूकला म्हणाला, "तुझ्या मॉडबाईंना सांग, आपण बघू काहीतरी..."

मॉडने जग बाकावर आपटला.

"कुत्र्याला नको," ती म्हणाली. "मला सांग. मी इथे उभी आहे."

तो उठला. त्याच्या विजारीच्या गुडघ्यावर चिखलाचा गोल होता. तो तिच्याकडे बघायला लागला, दुसरीकडे नजर गेली, पुन्हा तिच्याकडे आणली.

"माझं चुकलं, मिसेस प्रॉबर्ट," तो म्हणाला. "मी कंपनीला सांगतो की पाटी काढा आणि करार जुन्याच अटींवर करा. ते कटकट करतील. पण मी सांगतो."

"त्यांना तोंडावर सांगशील?"

"तोंडावर सांगीन."

"बरं," मॉड म्हणाली, आणि एक ग्लास उचलून लेनच्या रेनकोटाच्या आतल्या, कोरड्या अस्तराने पुसला. "काय घेणार?"

करार लेडी डेच्या आधीच आला, जुन्या अटींचा. पाटी आता बागेत आहे. डोणी चिखलात एका बाजूला कलत होती, तर मॉडने ती पाटी पालथी करून तिच्याखाली सारली. आता डोणी सरळ बसते.

पण मला त्या रविवारची संध्याकाळ सांगायची आहे. मॉडने दार उघडलं आणि सगळी वरात आत आली. ओले कोट, ओली कुत्री, फरशीवर पाण्याची तळी, आणि असा वास की शहरातली मंडळी उंबऱ्यातच चक्कर येऊन पडली असती. मी माझा ग्लास भरून घेऊन शेकोटीकडे वळलो, तर खुर्चीत ड्यूक. अंगातून वाफा निघताहेत आणि डोळे मिटलेले.

मी तिपाईकडे हात नेला आणि थांबलो. म्हटलं, आज एकदा जीभ सैल झालीच आहे.

"सिरिल," मी म्हणालो, सरळ त्याच्याकडे बघून, "तुझं कुत्रं माझ्या खुर्चीत बसलंय. रोज बसतं. मला ते कधीच आवडलं नाही. त्याला उठव."

 सिरिलने ड्यूककडे पाहिलं. मग मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून.

"नाही," तो म्हणाला.

मी तिपाई ओढून बसलो. काउंटरमागे मॉड ग्लास पुसत होती. तिने वर पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.